राजवाडा, खासगी आणि ईश्वराची शपथ : इंदूरच्या एका वारसाफेरीविषयी

गेल्या रविवारी इंदूरच्या राजवाड्यापासून कृष्णपुरा छत्र्यांपर्यंतची दीड तासाची वारसाफेरी मी आईसह केली. वाड्याचे दगडी-लाकडी मजले, १९८४ ची आग ही नेहमीची माहिती लवकरच आटोपून मार्गदर्शक मल्हारी मार्तंडाच्या मंदिरापाशी थांबले आणि राज्यकर्त्याची श्रद्धा कोठे संपते व राज्याचा खजिना कोठे सुरू होतो, हा प्रश्न त्यांनी घेतला. माझे पैसे तेथेच वसूल झाले.

काशी विश्वेश्वराच्या मंदिरासारखा अहिल्याबाईंचा दानधर्म दौलतीच्या (राज्याच्या खजिन्याच्या) नव्हे, तर खासगीच्या, म्हणजे होळकर घराण्याच्या स्वतःच्या उत्पन्नाच्या पैशातून होत असे, आणि आज्ञापत्रांवर त्या ‘श्रीशंकर’ लिहीत. याला जोडूनच मार्गदर्शकांनी १७ ऑक्टोबर १९४९ ची संविधान सभा डोळ्यांसमोर उभी केली : उद्देशिकेचा आरंभ ‘ईश्वराच्या नावाने’ करावा, ही सभेचे सदस्य ह. वि. कामथ यांची दुरुस्ती ४१ विरुद्ध ६८ मतांनी फेटाळली गेली, तरी लोकप्रतिनिधींना ईश्वराची शपथ घेण्याची किंवा गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करण्याची मुभा राहिली. “देवाला मतदानात ओढायलाच नको होते,” असे आईने, जी एकही एकादशी चुकवत नाही, तेथेच ऐकवले.

उणीव एकच, पण मोठी : विशिष्ट धर्माच्या संवर्धनासाठी कर देण्याची सक्ती नाकारणारा संविधानाचा अनुच्छेद २७ खासगीच्या विषयाला अगदी लागून असूनही त्याचा उल्लेख झाला नाही. शिवाय बाजाराच्या गोंगाटात मागच्यांना नीट ऐकू येत नाही, तेव्हा सकाळची वेळच घ्यावी.