स्वस्त गॅस स्टोव्ह की महागडा? ट्रेकला कोणता न्यावा

कसारा लोकल पकडून सह्याद्रीत एका मुक्कामाला जायचं असेल, तर हजाराच्या आत मिळणारा घडीचा स्टोव्ह पुरतो. दोघा-तिघांचा चहा, मॅगी तो बिनतक्रार करतो. ठिणगी पाडणारं पिझो बटण मात्र दमट हवेत रुसतं. लायटर खिशात हवाच.

खरी गोची वाऱ्यात. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर ज्योत आडवी होते, पाणी उकळता उकळत नाही. चहूबाजूंनी आडोसा केला तर खालचा कॅनिस्टर (गॅसचा डबा) तापतो, तो फुटूही शकतो. त्यामुळे वाऱ्याच्या बाजूलाच दगड रचायचे.

महागड्यांपैकी एमएसआर कंपनीचा पॉकेटरॉकेट २ घ्या. वजन ७३ ग्रॅम, भांडं पेलणारे पाय भक्कम, मंद आच नीट धरतो. स्वस्तातले २५-३० ग्रॅमचे टायटॅनियम स्टोव्ह हलके खरे, पण मोठ्या आचेवर जड पातेल्याखाली त्यांचे पाय वाकू शकतात. पाच जणांची खिचडी? नकोच.

हिमालयात मात्र स्टोव्हपेक्षा गॅस महत्त्वाचा. साधा ब्युटेन शून्याखाली जवळपास वायूच होत नाही, तिथे प्रोपेनचं मिश्रण लागतं.

माझं मत: सह्याद्रीला स्वस्त, लांबच्या ट्रेकला महागडा. कुठलाही घ्या, आधी गॅलरीत कॅनिस्टर जोडून सांध्यावर साबणाचं पाणी लावा. बुडबुडे आले तर स्टोव्ह परत करा.