गोल्ड रश बघायचाय, पण कुठला? १९२५चा की १९४२चा?

परवा एका मित्राचा मेसेज आला, "अरे गोल्ड रश लावला आणि यात चॅप्लिन बोलतोय की, हा मूकपट ना?" त्याला वाटलं कुणीतरी नंतर आवाज चिकटवून अपलोड केलाय. चिकटवलाय खरा, पण चिकटवणारा खुद्द चॅप्लिनच. म्हटलं याच्यावर एकदा सविस्तर लिहूनच टाकू, कारण हा घोळ बऱ्याच जणांचा होतो आणि चुकीचा हाताला लागला की लोक म्हणतात, ठीक आहे, एवढं काय त्यात.

तर सिनेमा एकच, अलास्कात सोनं शोधायला गेलेल्या चार्लीचा, आवृत्त्या दोन. पहिली २६ जून १९२५ला हॉलिवूडच्या इजिप्शियन थिएटरात लागली ती, साधारण दीड तासाची, मधेमधे मजकूर लिहिलेल्या पाट्यांसकट मूकपट. दुसरी १९४२ची. तोवर चॅप्लिनचा बोलपट ग्रेट डिक्टेटर येऊन गेला होता, बोलपटांवर वाढलेली अख्खी पिढी थिएटरात बसत होती, तेव्हा चॅप्लिनने जुनं काम परत टेबलावर घेतलं, पाट्या काढल्या, त्या जागी स्वतःचं निवेदन घातलं, स्वतः संगीत दिलं, इकडचं तिकडचं कापलं आणि ७२ मिनिटांचा सिनेमा परत रिलीज केला. संगीत आणि ध्वनी अशी दोन ऑस्कर नामांकनंसुद्धा मिळाली त्याला. म्हणजे सतरा वर्षं जुन्या मूकपटाला आवाजासाठी नामांकन, गंमतच आहे.

आता ४२चीच बघा म्हणणाऱ्यांचं म्हणणं काही चूक नाही, ते आधी सांगतो. ज्याचा सिनेमा त्यानेच शेवटचा हात फिरवलाय, तोच त्याच्या मते फायनल, आपण कोण शहाणे? शिवाय संगीत त्याचं आहे आणि ते खरंच सुंदर आहे. प्रिंट स्वच्छ मिळते. लांबी कमी, ऑफिसातून दमून आल्यावरही होऊन जातो. मी स्वतः पहिल्यांदा ४२चाच बघितला, एका फिल्म क्लबच्या रविवारच्या शोला, आणि तेव्हा मला दुसरा काही असतो हेच माहीत नव्हतं. आवडलाही होता. फक्त बाहेर पडल्यावर डोकं जरा जड वाटत होतं आणि त्याचं कारण मी कितीतरी वर्षं हॉलच्या पंख्यांना देत होतो.

कारण पंखे नव्हते, निवेदन होतं. आता याच्यावर मी जरा जास्त बोलणार आहे, सांभाळून घ्या.

थिएटरात कधी कधी शेजारी एक गृहस्थ बसतात, बायकोला सिनेमा समजावून सांगणारे. "आता बघ हां, तो दार उघडणार." दार उघडतं. "बघ, उघडलं." ४२च्या गोल्ड रशमध्ये ते गृहस्थ पडद्याच्या आत बसलेत आणि दुर्दैवाने ते चॅप्लिन आहेत त्यामुळे शुक शुक करून गप्पही करता येत नाही. पडद्यावरच्या चार्लीला, म्हणजे स्वतःच्याच पात्राला, तो सारखा 'द लिटल फेलो' म्हणतो. लिटल फेलो थकलाय, लिटल फेलोला भूक लागलीये, लिटल फेलो खूश आहे. अरे दिसतंय ना! ज्या माणसाच्या नुसत्या पाठीवरून आपल्याला कळतं की हा आता रडणार नाही, फक्त टोपी नीट करणार, त्याच्यावर बोलायची गरजच काय. आणि तो नुसतं सांगत नाही, पात्रांचे डायलॉगही स्वतःच म्हणतो, चार्लीचा सोबती बिग जिम, त्याचा आवाज जाड काढतो वगैरे. एका माणसाने सगळी पात्रं करायची हे आपल्याला नवीन नाही, कीर्तनकार करतातच, पण चांगल्या बुवांना कळतं की आत्ता टाळ थांबवून नुसतं उभं राहायचंय. इथे ते थांबणं फार कमी.

सुरुवातीचाच शॉट घ्या. बर्फाच्या डोंगरावर मुंग्यांसारखी माणसांची रांग चढतेय. तो ट्रकीजवळ, कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडा डोंगरांत शूट केलाय, सहाशेच्या आसपास माणसं खरोखर बर्फात चालवून. बाकीचा बहुतेक सिनेमा नंतर स्टुडिओतल्या खोट्या बर्फात झाला पण हे खरं आहे आणि ते खरंपण नुसतं बघत राहिलं की अंगावर येतं. २५मध्ये तेवढा वेळ मिळतो. ४२मध्ये लगेच बातमीपटासारखा आवाज सुरू, अलास्कात सोन्यासाठी हजारो लोक आले वगैरे, आणि आपण बघायचं सोडून ऐकायला लागतो.

मान्य, सगळीकडे असं नाही. दोन पावांत काटे खुपसून चार्ली ते पायांसारखे नाचवतो, त्या पावांच्या नाचाला तो आधी तोंडाने सांगतो की आता नाच होणार, पण नाच चालू असताना गप्प बसतो, नुसतं संगीत. ते तेवढं एक दीड मिनिट ४२चं पारडं जड आहे असं मी प्रामाणिकपणे म्हणेन. (बर्लिनला हा सिनेमा लागला तेव्हा प्रेक्षकांनी इतका गोंधळ घातला की ऑपरेटरने रीळ मागे घेऊन तो नाच परत दाखवला, अशी कथा सांगतात.)

दुसरा फरक कथेतला, तो मात्र तुम्हाला कसा वाटेल ते तुमच्या स्वभावावर. स्पॉयलर मानत असाल तर हा परिच्छेद सोडा, शंभर वर्षं होऊन गेली तरी. चार्ली जिच्या प्रेमात पडतो त्या डान्स हॉलमधल्या जॉर्जियाची ती चिठ्ठी आठवते? २५मध्ये ती चिठ्ठी असते तिच्या मित्राला, त्या रुबाबदार जॅकला. जॅक वाचतो, हसतो आणि टवाळी म्हणून चार्लीकडे पोचवतो, आणि चार्ली ती आपलीच समजून हॉलभर तिला शोधत सुटतो. बघवत नाही ते, पण विसरवतही नाही. ४२मध्ये चॅप्लिनने अशी कापाकापी केलीये की चिठ्ठी खरोखर चार्लीलाच असते. जॉर्जिया एकदम सोज्वळ होते. शेवटी बोटीवर फोटोग्राफरसमोरचं लांबलचक चुंबन होतं तेही उडवलंय, दोघं जिना चढून जातात आणि संपतं. पन्नाशी ओलांडलेल्या चॅप्लिनने छत्तिशीतल्या चॅप्लिनचे कोपरे घासून काढले असं मला वाटतं. कदाचित वयाने माणूस दयाळू होत असेल, कदाचित नुसता सावध होत असेल, मला नाही सांगता येत. पण मला ती टवाळीची चिठ्ठी हवी आहे, कारण तिच्यामुळेच शेवटी ती बोटीवर त्याची बाजू घेते तेव्हा तिने काहीतरी भरून काढलंय असं वाटतं.

वेगाचंही सांगतो थोडक्यात. ४२चा बोलपटाच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला २४ फ्रेमने पळतो, मूकपटाचं शूटिंग त्याहून हळू असायचं, त्यामुळे चालणं बसणं थोडं घाईत वाटतं. मी काही घड्याळ लावून मोजलेलं नाही, पण भुकेने बूट शिजवून खाण्याचा सीन दोन्हीत बघा, बुटाचे खिळे चोखून बाजूला ठेवायची जी सावकाश रीत आहे, कोंबडीची हाडं ठेवावीत तशी, ती २५मध्ये जास्त मुरते असं मला वाटलं. (तो बूट ज्येष्ठमधाच्या कँडीचा होता आणि टेकवर टेक देऊन चॅप्लिन आणि बिग जिमचं काम करणारा नट, दोघांची पोटं बिघडली म्हणे.)

आता २५च्या विरोधातला मुद्दा, आणि हा मोठा आहे. २५ची आवृत्ती अमेरिकेत १९५३मध्येच कॉपीराइटबाहेर गेली त्यामुळे कुणीही उठतो आणि टाकतो. धुरकट प्रिंट, डोकी कापलेली फ्रेम, आणि संगीत म्हणून कुठलंतरी पियानो रेकॉर्ड जे सिनेमाशी संबंध न ठेवता वाजत राहतं, वादळाला पण तेच, नाचाला पण तेच. असला २५ बघण्यापेक्षा ४२ शंभर पटीने बरा, यात वादच नाही. मी दोनदा असल्या प्रिंटवर संध्याकाळ घालवलीये. म्हणून २५ बघायचा तर रिस्टोअर केलेलाच. केव्हिन ब्राउनलो आणि डेव्हिड गिल या मूकपटांच्या अभ्यासकांनी १९९३मध्ये तुकडे जमवून तो परत बांधला, पुढे संगीतकार टिमोथी ब्रॉकने चॅप्लिनचं ४२चंच संगीत या लांबीला बेतून दिलं, म्हणजे 'पण संगीत तर त्याचं नाही' ही तक्रारही मिटली. जुने सिनेमे काढणाऱ्या क्रायटेरियन कंपनीच्या २०१२च्या डिस्कवर दोन्ही आवृत्त्या एकत्र आहेत. आणि शंभरीच्या निमित्ताने इटलीतल्या बोलोन्याच्या सिनेतेकाने, म्हणजे तिथल्या फिल्म संग्रहालयाने, नवा फोरके (जास्त बारकाव्याची डिजिटल प्रत) केलाय, तो २०२५च्या कान महोत्सवात दाखवला. मोठ्या पडद्यावर कुठे लागला तर रजा टाका.

हे सगळं असलं तरी मी इतकी वर्षं 'दोन्ही आपापल्या जागी ठीक' असंच म्हणायचो. काटा कलला तो घरी. गेल्या पावसाळ्यात बहीण आली होती, बाहेर जाता येईना, मी भिंतीवर चादर लावून प्रोजेक्टर काढला. भाची सात वर्षांची आणि आई सत्तरीची, दोघींना इंग्रजी सारखंच, म्हणजे नाहीच. मी विचार केला लांबी कमी, पोरगी कंटाळायची नाही, म्हणून ४२चा लावला. दहा मिनिटांत आई म्हणाली, "हा बाबा एवढा कशाला बडबडतोय? काय म्हणतोय तो?" मी सांगायला गेलो तर तोवर तो पुढचं बोलत होता. त्याचं ऐकू, का मराठीत सांगू, का सिनेमा बघू. भाची म्हणाली, "मामा, तुम्ही दोघं एकदम बोलू नका."

बंद केला आणि २५चा लावला. पाटी आली की मी मराठीत वाचायचो, हवं तसं तिखटमीठ लावून, आणि पाटी गेली की गप्प. जपानात मूकपटांच्या काळात बेन्शी असायचे, पडद्याशेजारी उभं राहून गोष्ट सांगणारे, त्यांचा मोठा मान असायचा, तसाच मी त्या दिवशी सोफ्याच्या हातावर बसून बेन्शी झालो. तर म्हणजे निवेदक वाईट असतो असं माझं म्हणणंच नाही! आपल्या माणसाचा आवाज असेल, आपल्या भाषेत, आणि तो मधेमधे तोंड मिटत असेल तर मजा दुप्पट होते. चॅप्लिनचा आवाज त्याच्या प्रेक्षकांसाठी होता, १९४२च्या अमेरिकेसाठी, त्यांना तो तसा लागलाही असेल. आमच्या हॉलमध्ये तो पाहुणा होता आणि पाहुण्याने फारच बोलणं केलं.

बुटाच्या सीनला भाची हसेल असं वाटलं होतं. ती हसली नाही, जरा वेळाने म्हणाली, "त्याला खरंच एवढी भूक लागलीये?" बिग जिमला चार्ली कोंबडी दिसायला लागला तेव्हा मात्र दोघी एकदम हसल्या, आई डोळे पुसत. कड्यावर लटकलेल्या झोपडीच्या वेळी आईने माझा दंड धरला होता.

तर तुम्ही एकटे असाल, इंग्रजी ऐकायला कंटाळा नसेल, चॅप्लिनचा आवाज आणि त्याचं म्हणणं ऐकायची उत्सुकता असेल तर ४२ बघा, मी अडवत नाही, माझंही पहिलं प्रेम तेच होतं. किंवा २५ बघून झाल्यावर महिन्याभराने ४२ बघा, तेव्हा काय काय कापलंय ते शोधायला मजा येते. पण एकच बघणार असाल, आणि त्यातही घरातलं लहान मोठं कुणी सोबत असेल तर, माझं ऐकाल तर २५चा, चांगल्या प्रिंटचा, आणि पाट्या मोठ्याने वाचायला एक माणूस नेमून ठेवा.

पावांचा नाच आम्ही तीनदा मागे घेऊन बघितला, बर्लिनवाल्यांसारखा. दुसऱ्या दिवशी सकाळी आई स्वयंपाकघरातून ओरडली, लादीपावातल्या दोन पावांना काट्याची भोकं कुणी पाडली म्हणून. भाचीने माझं नाव सांगितलं.