आठ महिन्यांनंतर: फोर-चॅनल ॲम्प, वूफर आणि ती शिट्टी

आधी सेटअप. पेट्रोल हॅचबॅक, डॅशमध्ये 9 इंची अँड्रॉइड स्टिरिओ, पुढच्या दारांत साडेसहा इंची कॉम्पोनंट स्पीकर (ट्वीटर वेगळा असलेले), डिकीत क्लास डी फोर-चॅनल ॲम्प (ॲम्प्लिफायर) आणि 10 इंची वूफर. ॲम्प 4 ओमला चॅनलमागे 75 वॅट आरएमएस (सतत देता येणारी ताकद) देतो. मागचे दोन चॅनल ब्रिज केले, म्हणजे एकत्र जोडले, की वूफरला 200. मागच्या दारांचे स्पीकर काढून टाकले नाहीत, नुसते बंद ठेवलेत.

आठ महिन्यांनंतर ॲम्पबद्दल तक्रार नाही, स्पीकरबद्दलही नाही. ॲम्पसोबत घेतलेल्या वायरिंग किटबद्दल मात्र आहे, आणि फिटिंगबद्दल तर भरपूर. आवाजात जे जे बिघडलं ते सगळं तारांत सापडलं, म्हणून हा रिव्ह्यू बराचसा तारांचाच आहे.

पहिल्या दिवसापासून इंजिन सुरू केलं की बारीक शिट्टी. रेस दिली की सूर चढायचा, आयडलला आली की उतरायचा, गाणं थांबवलेलं असलं तरीही. हा अल्टरनेटरचा आवाज. रेसबरोबर वाढणारी टिकटिक असेल तर प्लग किंवा कॉइलकडे बघा. इंजिन बंद असतानाही एकसारखी सळसळ येत असेल तर बहुतेक वेळा ॲम्पचा गेन (आलेला सिग्नल किती वाढवायचा ती सेटिंग) जास्त ठेवलेला असतो. तिघांचे इलाज वेगळे, पण दुकानात तिघांवर औषध एकच: ग्राउंड लूप आयसोलेटर, म्हणजे स्टिरिओ आणि ॲम्पमधला थेट तारेचा जोड तोडणारी डबी. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. आयसोलेटरच्या आत दोन छोटे ट्रान्सफॉर्मर असतात. शिट्टी थांबते हे खरं, पण स्वस्तातला असेल तर खालचा बेसही घेऊन जातो आणि ढिली अर्थिंग जिथल्या तिथे राहते.

काहीही विकत घेण्याआधी आवाज नेमका कुठून शिरतोय ते शोधावं. त्यासाठी जुन्या आरसीए वायरचे (स्टिरिओचा सिग्नल ॲम्पला नेते ती वायर) दोन प्लग कापून घ्या आणि प्रत्येकाची मधली तार त्याच्याच बाहेरच्या जाळीला पिळून जोडा. स्टिरिओ आणि ॲम्प बंद करून ॲम्पच्या आरसीए काढा, त्या जागी हे प्लग लावा, सगळं सुरू करून रेस द्या. शिट्टी अजूनही येत असेल तर दोष ॲम्पच्या अर्थिंगमध्ये, सप्लायमध्ये किंवा स्पीकरच्या तारांत. गेली असेल तर ती ॲम्पच्या आधी शिरते. मग चार्जरला न लावलेला मोबाइल 3.5 मिलिमीटर ते आरसीए वायरने थेट ॲम्पला जोडा. आवाज स्वच्छ आला तर संशयित दोनच उरतात, आरसीएची वाट आणि स्टिरिओ.

या गाडीत प्लग लावल्यावर शिट्टी तीन-चतुर्थांश गेली, पूर्ण नाही. म्हणजे दोष दोन होते.

पहिला ॲम्पच्या अर्थिंगचा. फिटिंगवाल्याने अर्थ सीटबेल्टच्या बोल्टखाली दाबली होती. तो बोल्ट सुरक्षेचा, त्याला हात लावूच नये. शिवाय त्याच्या खालचा रंग तसाच होता. ओममीटरने तपासलं तर सगळं ठीक दिसतं, कारण मीटर जेमतेम काही मिलिॲम्पिअर सोडतो. खरी परीक्षा लोड असताना. मीटर डीसी व्होल्टवर, एक टोक ॲम्पच्या अर्थ टर्मिनलवर, दुसरं लांब तारेने बॅटरीच्या निगेटिव्हवर, आणि बेसचं गाणं मोठ्याने. इथे 0.38 व्होल्ट आले. डिकीच्या तळाचा रंग खरवडून चकचकीत पत्रा काढला, लग (तारेच्या टोकाची धातूची कडी) दाबून क्रिंप करून दातेरी वॉशरसह नवा बोल्ट आवळला, वरून गंज लागू नये म्हणून रंगाचा हात दिला. तार 40 सेंटिमीटरच्या आत ठेवली. आकडा 0.06 वर आला. 0.1 च्या खाली असेल तर निर्धास्त राहा.

दुसरा स्टिरिओचा. त्याची अर्थ हार्नेसमधल्या (तारांच्या जुडग्यातल्या) काळ्या तारेला नुसती पिळून वर टेप मारलेली. तिथे अडथळा वाढला की स्टिरिओचा करंट आरसीएच्या जाळीतून ॲम्पकडे वाट काढतो आणि अल्टरनेटरचा रिपल (डीसीवर उरलेली एसीची लहर) गाण्यात मिसळतो. स्टिरिओच्या मागच्या पत्र्यापासून डॅशमागच्या मूळ बॉडी अर्थपर्यंत अडीच चौरस मिलिमीटरची वेगळी तार टाकली आणि उरलेली शिट्टी थांबली. याच वेळी आणखी एक तपासून घ्या: आरसीएची बाहेरची रिंग आणि स्टिरिओचा पत्रा यांत कंटिन्युइटी (मीटरवर अखंड जोड) यायला हवी. नसेल तर काही स्टिरिओंमध्ये आतला बारीक फ्यूज उडालेला असतो. सेट चालू असताना आरसीए काढ-घाल केली की तो उडतो.

पॉवर केबल आणि आरसीए एकाच उंबरठ्याखालून नेल्या होत्या. आरसीए दुसऱ्या बाजूने घेतली. जिथे एकमेकींना ओलांडावंच लागतं तिथे काटकोनात.

अल्टरनेटरवर आरोप करण्याआधी बॅटरीवर एसी व्होल्ट मोजा, हेडलाइट आणि ब्लोअर लावून. इथे 40 मिलिव्होल्टच्या आसपास होते, म्हणजे ठीक. अर्ध्या व्होल्टच्या पुढे गेले तर अल्टरनेटरचा डायोड गेलाय समजा. काही स्वस्त पिवळे मीटर एसीच्या रेंजवर कारच्या बॅटरीला 28 व्होल्ट दाखवतात. घाबरू नका, ते डीसी अडवतच नाहीत. प्रोबला 1 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर सिरीजमध्ये जोडून पुन्हा मोजा.

आता किट. पाकिटावर 8 गेज (आकडा लहान तशी तार जाड). तार ब्लेडने खरवडली तर तांब्याच्या पातळ मुलाम्याखाली पांढरं ॲल्युमिनियम. वूफरच्या ठोक्याला ॲम्पपाशी व्होल्टेज बॅटरीच्या मानाने अर्धा व्होल्ट पडत होतं. पाच मीटर शुद्ध तांब्याची 4 गेज टाकल्यावर ही घट जेमतेम एक दशांश व्होल्टवर आली. फ्यूज बॅटरीपासून 45 सेंटिमीटरच्या आत हवाच. तो ॲम्पसाठी नसतो, तारेसाठी असतो. बॅटरी ते फ्यूज हा तुकडा बॉडीला घासून शॉर्ट झाला तर तो जळायला मोकळा असतो.

शिट्टी गेल्यावर दुसरं दुखणं उघडं पडलं: मोठ्या आवाजात गायकाचा गळा फाटायचा. गेनची चक्री अर्ध्याच्या पुढे होती. गेन म्हणजे व्हॉल्यूम नव्हे. स्टिरिओ किती व्होल्ट सोडतो त्याच्याशी ॲम्पचा मेळ बसवायची ती खुंटी आहे. आधी इक्वलायझर सपाट, लाउडनेस बंद, बेस बूस्ट शून्यावर. स्पीकरच्या तारा काढा. स्टिरिओ 40 पैकी 30 वर ठेवून 0 डेसिबलचा टोन लावा आणि आउटपुटवर एसी व्होल्ट मोजा. वॅट गुणिले ओम, त्याचं वर्गमूळ: 75 वॅट, 4 ओमला 17.3 व्होल्ट, 200 वॅटला 28.3. हा आकडा आला की चक्री सोडून द्या. दारांसाठी 1000 ऐवजी 300 हर्ट्झचा टोन बरा, कारण साधे मीटर 400 हर्ट्झपर्यंतच भरवशाचे. वूफरला 50 हर्ट्झ. बेस बूस्टची 12 डेसिबलची गोडी त्या पट्ट्यात सोळापट ताकद मागते. ती 200 वॅटच्या ॲम्पकडे नसते, मग लाटेचे माथे छाटले जातात आणि वूफरची कॉइल तापते. दारांना 80 हर्ट्झचा हाय पास (त्याखालचे सूर अडवणारा), वूफरला 80 चा लो पास (वरचे अडवणारा). आठ महिन्यांत हे आकडे हलवावे लागले नाहीत.

पावसाळ्यात डाव्या दारातून ठरावीक सुरांना झरझर येऊ लागली. डावी-उजवी आरसीए अदलाबदल केली तरी झरझर डावीकडेच, म्हणजे स्टिरिओ सुटला. 100 ते 250 हर्ट्झ हळूहळू चढणारा टोन लावून दाराच्या पॅडवर तळहात दाबत गेलं तर हँडलखाली दाबताच आवाज थांबला. क्लिप मोडली होती. ती बदलताना आतलं पाणी अडवणारं प्लास्टिकही फाटलेलं दिसलं. फिटिंगवेळी स्पीकरपुरतं कापून सोडून दिलेलं. पाणी थेट स्पीकरच्या पाठीवर. ब्युटिल पट्टीने ते पुन्हा सील केलं. डॅम्पिंग शीट लावताना दाराच्या तळाची पाणी जायची भोकं बुजवू नका.

एफएमवरची खरखर मात्र या सगळ्यानंतरही राहिली, फक्त विविध भारती लावल्यावर, आणि शहराबाहेर जास्त. ब्लूटूथवर काहीच नाही. डॅशकॅमचा चार्जर सॉकेटमधून उपसला आणि स्टेशन स्वच्छ लागलं.