चाकणची नोकरी की कुपवाडचं वर्कशॉप?
सांगलीच्या वालचंद कॉलेजमधून मेकॅनिकल इंजिनिअरिंग करून निघालेल्या पोरांपुढे हाच पेच असतो. पुण्याजवळच्या चाकणला पगार वेळेवर, पीएफ, शिवाय मोठ्या कारखान्याची शिस्त अंगी लागते.

सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत सीएनसी (संगणकावर चालणारं यंत्र) टाकून जॉबवर्क, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांचे भाग बनवून द्यायचं काम घेतलं, की खरा घाम वसुलीत निघतो. माल वेळेत गेला तरी बिल अडकतं, बँकेचा हप्ता थांबत नाही. म्हणून आधी उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी करा. २००६ च्या एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास) कायद्यानं गिऱ्हाइकाला सूक्ष्म-लघु उद्योगाचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकतं करावं लागतं. उशीर झाला तर चक्रवाढ व्याज. पण गिऱ्हाईक एकच असेल, तर हा कायदा दाखवायचं धाडस कोण करणार? निदान तीन-चार तरी हवीत.

माझं मत वर्कशॉपच्या बाजूनं, पण आधी काही वर्षं नोकरी करून. तीही जमल्यास खरेदी विभागात, कारण जॉबचे दर कसे ठरतात ते तिथं कळतं.