बी.एस्सी.नंतर संशोधन करायचंय: प्रयोगशाळा, रान की रुग्णाचं घर?

जानेवारी सरत आला की तिसऱ्या वर्षाची मुलं एकेक करून येऊन बसतात. "मॅडम, पुढे मॉलिक्युलर बायोलॉजी घेऊ, इकॉलॉजी घेऊ की रोगांच्या अभ्यासाकडे वळू?" चिपळूण, कणकवली, सावंतवाडी, कुठलंही मूल असो, प्रश्न हाच. सोबत घरच्यांचा एक प्रश्न बांधून दिलेला असतो: स्कोप कशात आहे?

मी या तिन्ही ठिकाणी थोडीथोडी वर्षं काढली आहेत. त्यातून मला कळलेली गोष्ट अशी की, पगार आणि प्रवेश परीक्षा यांची तुलना कुणीही करून देईल. पण त्या कामात तुम्ही टिकाल की नाही हे ठरतं ते काम बिघडतं कसं यावर. प्रत्येक क्षेत्रातली चूक निराळी. ती कळते कधी आणि निस्तरायला किती वेळ जातो, हे आधी बघा.

तुलना न्याय्य व्हावी म्हणून तिघांनाही एकच रोग देते. आपल्याच सिंधुदुर्ग जिल्ह्यातला: माकडताप.

या तापाचा विषाणू 1957 साली कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात सापडला. आपल्याकडे 2016 मध्ये दोडामार्ग तालुक्यात रुग्ण निघाले, पुढच्या हंगामात बांदा भागात. काजूच्या बागेत राबणारी, जळण आणायला रानात जाणारी माणसं आजारी पडली. लागण झालेल्यांपैकी साधारण 3 ते 5 टक्के दगावतात. नावामुळे लोक माकडांवर राग काढतात, तो चुकीचा आहे. माकड या रोगाचं पहिलं बळी आहे. माणसाला रोग देते ती गोचीड, आणि तीही बहुतेकदा पूर्ण वाढलेली नाही, तर तिचं पिल्लू.

प्रयोगशाळेतलं काम

इथला प्रश्न छोटा आणि धारदार असतो: या रक्तात विषाणू आहे का, आणि असेल तर तो कुठल्या वंशातला? माकडतापाच्या विषाणूचा आरएनए जेमतेम 11 हजार अक्षरांचा. तापाच्या पहिल्या काही दिवसांत तो रक्तात सापडतो, तेव्हा आरटी-पीसीआर करता येते. दिवस उलटले की विषाणू ओसरतो आणि मग प्रतिपिंडं शोधावी लागतात. पीसीआरच्या एका आवर्तनात डीएनएची संख्या दुप्पट होते. अशी 30 आवर्तनं झाली की एका रेणूचे 100 कोटींच्या वर रेणू होतात. या पद्धतीची ताकद त्यातच आहे, आणि धोकाही.

एम.एस्सी.च्या प्रकल्पात माझा निगेटिव्ह कंट्रोल पॉझिटिव्ह यायला लागला. म्हणजे ज्या खाचेत नुसतं शुद्ध पाणी घातलंय, तिथेही आलेख वर चढतोय. 96 खाचांची प्लेट, 2 तास यंत्र, आणि शेवटी त्या एका खाचेमुळे सगळी प्लेट रद्द. तीन आठवडे मी हातमोजे बदलले, टेबल पुसलं, प्रायमर (डीएनएची नक्कल जिथून सुरू होते ते छोटे तुकडे) नव्याने विरघळवले. दोष निघाला पाण्याच्या बाटलीत. कधीतरी पिपेटची वापरलेली टिप तिच्यात बुडाली असणार. बाटली फेकली, नवीन पाणी छोट्या नळ्यांत वाटून ठेवलं, दुसऱ्या दिवशी आलेख जमिनीला टेकला. तो सपाट आलेख बघून मी रडले होते.

या कामाचा स्वभाव असा आहे. चूक त्याच दिवशी दिसते, कारण ती दाखवायला खाच राखून ठेवलेली असते. आणि उद्या सकाळी तोच प्रयोग पुन्हा लावता येतो. ज्यांना सुटसुटीत उत्तर लागतं, रोज लागतं, त्यांना हे मानवतं.

एक गैरसमज मात्र मुलांच्या डोक्यातून काढावा लागतो. किट आणून नमुने तपासणं हे फार गरजेचं काम आहे, पण ते संशोधन नव्हे. कर्नाटक, गोवा आणि सिंधुदुर्ग इथल्या विषाणूंचे अनुक्रम शेजारी ठेवून तो कुठून कुठे सरकला असेल हे विचारणं, हे संशोधन. आणि ते करायला कोकण सोडावं लागतं. माकडतापाचा जिवंत विषाणू हाताळायला सर्वांत कडक सुरक्षेची, चौथ्या पातळीची प्रयोगशाळा लागते. तशी देशातली पहिली 2013 मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत सुरू झाली. नमुने जपायला लागणारा उणे 80 अंशांचा फ्रीझर पावसाळ्यात आपल्याकडच्या विजेवर चालवणं काय असतं, हे कोकणात राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

रानातलं काम

प्रश्न बदलतो. हा ताप याच गावात का, आणि डोंगरापलीकडच्या गावात का नाही?

पद्धत ऐकायला अगदी साधी. पांढऱ्या फ्लॅनेलचा एक तुकडा काठीला बांधायचा आणि पातेऱ्यावरून, म्हणजे वाळक्या पाचोळ्यावरून, सावकाश ओढत न्यायचा. ठरलेल्या अंतरावर थांबून कापड उलटं करायचं. पहिल्या खेपेला मला त्यावर काहीच दिसलं नव्हतं. सोबतच्या बागवाल्या काकांनी बोट ठेवून दाखवलं. खसखशीच्या दाण्याएवढा तपकिरी ठिपका, आणि तो चालत होता. चिमट्याने अलगद उचलायचा, नळीत टाकायचा, नळीवर पेन्सिलने जागा आणि वेळ लिहायची. शाईने लिहिलं तर अल्कोहोलने पुसलं जातं, हे मी एक पूर्ण दिवस गमावून शिकले.

गोचिडीची ही पिल्लं साधारण नोव्हेंबरपासून मेपर्यंत पातेऱ्यात असतात. काजूचा हंगाम नेमका त्याच दिवसांत येतो. बी वेचायला माणूस वाकतो ते त्याच पातेऱ्यात. शिवाय गोठ्यात पसरायला आणि भाताच्या रोपांसाठी तरवा भाजायला पातेरा गोळा करून आणायची आपली रीत आहेच. पूर्ण वाढलेली गोचीड गुरांवर पोसते. गुरांमुळे विषाणू फारसा वाढत नाही, पण गोचिडींची संख्या वाढते.

भारतीय आणि ब्रिटिश संशोधकांच्या एका गटाने 2020 मध्ये पश्चिम घाटासाठी या तापाच्या जोखमीचा नकाशा मांडला. त्यात धोका दिसला तो सदाहरित जंगल आणि लागवड एकमेकांत मिसळलेल्या, देशी गुरं जास्त असलेल्या भागांत. म्हणजे आपलंच चित्र: वर रान, खाली काजू, मध्ये गोठा. या अभ्यासात मला भावलं ते हे की, नकाशा करताना आरोग्य, पशुसंवर्धन आणि वन विभागांतल्या माणसांनाही आधीपासून बरोबर घेतलं होतं.

रोगाशी संबंध नसलेली इकॉलॉजीही आपल्याकडे खूप आहे, आणि ती याच पद्धतीने शिकता येते. राजापूर-देवगडच्या सड्यांवर, म्हणजे सपाट कातळाच्या पठारांवर, संशोधकांनी हजारो सुटे दगड उलटून बघितले आहेत. उघडा कातळ, सोडून दिलेली भातखाचरं आणि सुरुंग लावून, माती भरून केलेल्या कलमबागा, या तीन ठिकाणी दगडाखाली राहणारे जीव कसे बदलतात, हा त्यांचा प्रश्न होता. दगड उलटायचा, खाली पाल आहे की विंचू, की फुरसं, ते नोंदवायचं, आणि दगड होता तसा परत ठेवायचा. परत ठेवणं महत्त्वाचं, ते घर आहे. आपण ज्याला 'नुसता कातळ' म्हणतो त्याकडे बघण्याची नजरच अशा अभ्यासाने बदलते.

आता इथली चूक. एका वर्षी मला वनक्षेत्रात नमुने घ्यायची लेखी परवानगी हवी होती. अर्ज सप्टेंबरात दिला, कागद एप्रिलमध्ये हातात पडला. तोवर पिल्लांचा जोर ओसरलेला. वळवाच्या दोन सरींनंतर कापडावर काहीही येईना. प्रयोगशाळेत एक प्लेट जाते, इथे एक हंगाम गेला. पुढच्या नोव्हेंबरची वाट बघणं एवढंच हातात उरलं. इकॉलॉजीतलं वर्ष असं जातं, आणि पीएच.डी.च्या 5 वर्षांत हंगाम येतात फार तर 4. म्हणून जो मुलगा वा मुलगी वाट बघू शकत नाही, त्यांना मी रानाकडे पाठवत नाही, कितीही पक्षी ओळखता येत असले तरी.

उलट ज्याला वर्षभर चिकाटीने एकाच जागेवर जाता येतं, बागवाल्याशी गप्पा मारत त्याच्या मांगरात (बागेतल्या खोपटात) पेज जेवता येते, त्याला इथे कोकणात जन्मल्याचा खरा फायदा आहे. बाहेरून आलेल्या संशोधकाला जे समजायला दोन वर्षं लागतात, ते तुम्हाला आजीकडून आधीच मिळालेलं असतं.

रुग्णाच्या घरातलं काम

साथरोगशास्त्राचा प्रश्न असा: आजारी पडलेल्यांनी असं काय केलं, जे शेजारच्या धडधाकट माणसांनी केलं नाही? रुग्ण निवडायचे, त्याच गावातली, त्याच वयाची निरोगी माणसं निवडायची, दोघांना तेच प्रश्न विचारायचे.

एका आजींना विचारलं, ताप कधी आला? "शिगमो सरलो आणि ताप इलो." तारीख नाही. मग पंचांग काढायचं, त्यांच्या गावातला शिमगा किती दिवस चालतो ते विचारायचं, पालखी त्यांच्या दारात कोणत्या दिवशी आली ते शोधायचं आणि तिथून तापाचा दिवस मोजायचा. प्रश्नावलीच्या रकान्यात शेवटी दोन आकडे पडतात. ते दोन आकडे मिळवायला पाऊण तास लागतो.

या क्षेत्रातली चूक मला सर्वांत जड वाटते, कारण ती दिसत नाही. तापाने महिनाभर झोपलेला माणूस गोचीड चावल्याचं आठवून आठवून सांगतो. शेजाऱ्याला कदाचित तितक्याच चावलेल्या असतात, पण तो विसरलेला असतो. दोघेही खरंच बोलताहेत, तरी उत्तर वाकडं येतं. चूक दाखवणारी खाच नाही, रिकामं कापड नाही. तक्ता छान दिसतो, आणि चुकीचा असतो. ही चूक पकडायची तर अभ्यास सुरू करण्याआधी तिचा विचार करावा लागतो.

पण एवढं सांभाळलं तर या कामाचा परिणाम थेट माणसांपर्यंत पोचतो. माकडतापाची जुनी लस कर्नाटकात वर्षानुवर्षं दिली जात होती. ती किती राखते हे कागदावर मोजलं ते साथरोगशास्त्राने. 2005 ते 2010 या काळाच्या अभ्यासात दोन डोसांची परिणामकारकता 62.4 टक्के निघाली, पुढच्या बूस्टरनंतर 82.9. नंतरच्या, 2013-14 च्या उद्रेकाच्या अभ्यासात मात्र लशीचा ठोस उपयोग दिसला नाही, आणि 2022 मध्ये ती थांबवण्यात आली. घरोघर फिरून भरलेल्या तक्त्यांमध्ये एवढी ताकद असते.

लेप्टोचं, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचं, तसंच. भातलावणीत अनवाणी चिखलात उतरणाऱ्यांना धोका असतो हे आपल्याला माहीत आहे. पण पायावर जखम असताना उतरणं किती भोवतं, डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या वाटल्या त्या खरोखर घेतल्या गेल्या का, हे प्रयोगशाळा सांगू शकत नाही.

पैसे आणि प्रवेश

यात फारसा फरक नाही, म्हणून थोडक्यात. सीएसआयआर-यूजीसी नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेचा लाइफ सायन्सेसचा पेपर मॉलिक्युलरवाल्यांना आणि इकॉलॉजीवाल्यांना एकच आहे. त्यातून जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती, मिळाली तर जानेवारी 2023 पासूनच्या दराने महिना 37,000 रुपये आणि वर घरभाडे भत्ता. हा आकडा प्लेट लावणाऱ्याला आणि गोचिडी वेचणाऱ्याला सारखाच. गेट या दुसऱ्या राष्ट्रीय परीक्षेत मात्र इकॉलॉजी आणि उत्क्रांतीचा वेगळा पेपर असतो, तो आपल्या मुलांना सहसा माहीत नसतो.

एम.एस्सी.च्या जागा मॉलिक्युलर, बायोटेक, मायक्रो यांत भरपूर आहेत. इकॉलॉजीत मोजक्या. बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवशास्त्र केंद्रातला वन्यजीव अभ्यासक्रम घ्यायचा तर त्याचा प्रवेश दोन वर्षांतून एकदा होत आला आहे, तेव्हा तुमचं वर्ष जुळतं का ते आधी बघा. रोगांच्या बाजूला जायचं तर एमपीएच (सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी), पण काही ठिकाणी ती फक्त वैद्यकीय पदवीधरांनाच मिळते, काही ठिकाणी कुठल्याही पदवीधराला. पात्रता वाचल्याशिवाय फॉर्मचे पैसे भरू नका.

एम.एस्सी.वर थांबून लगेच नोकरी हवी असेल, घरी धाकटी भावंडं शिकत असतील, तर मॉलिक्युलर घ्या. तपासणी प्रयोगशाळा, औषध आणि लस कंपन्या तुम्हाला घेतील. इकॉलॉजीत सुरुवातीची वर्षं प्रकल्पावरच्या तुटपुंज्या मानधनावर जातात, आणि प्रकल्प संपला की मानधनही संपतं. हे मी कुणापासून लपवत नाही.

मग कुणी काय घ्यावं

चूक त्याच संध्याकाळी कळलेली बरी वाटत असेल, तर प्रयोगशाळा. एक हंगाम हातचा गेला तरी पुढच्या नोव्हेंबरात तेवढ्याच उत्साहाने कापड बांधणार असाल, तर रान. माणसांशी बोलायला आवडत असेल आणि स्वतःच्या उत्तरावर संशय घेता येत असेल, तर साथरोगशास्त्र. मन अजून डळमळत असेल, तर माझं मत इकॉलॉजीच्या बाजूला झुकतं, एका अटीवर: पदवीच्या शेवटच्या सहा महिन्यांत संख्याशास्त्र आणि 'आर' ही संगणकभाषा शिकून घ्या. ती तिन्हीकडे चालते, आणि आपल्याकडची मुलं मागे पडतात ती तिथेच, इंग्रजीत नव्हे.

निवडीआधी प्रत्येक कामाचा एकेक दिवस स्वतः करून बघा. कॉलेजच्या मायक्रोच्या लॅबमध्ये 96 खाचांच्या प्लेटमध्ये रंगीत पाणी भरा, न चुकता. वाडीतल्या दहा घरांत जाऊन शेवटचा ताप कधी आला ते विचारा आणि किती जणांना तारीख आठवते ते लिहा. गोचिडींचं कापड मात्र दोडामार्ग-बांद्याकडच्या बागांत एकट्याने ओढू नका. पँटचे पाय मोज्यात खोचलेले, अंगाला गोचिडी दूर ठेवणारं डीएमपी तेल चोळलेलं आणि सोबत आधी हे काम केलेलं माणूस, तरच. परत आल्यावर गरम पाण्याने आंघोळ आणि कपडे लगेच उकळत्या पाण्यात.