शशी गोडबोलेचं इंग्रजी की शशीचे लाडू?

'इंग्लिश विंग्लिश' (2012) हा चित्रपट बहुतेकांना इंग्रजी शिकणाऱ्या बाईची गोष्ट म्हणून आठवतो. हे वाचन चुकीचं नाही. न्यूयॉर्कच्या कॅफेत साधी कॉफी मागताना नायिका शशीची जी त्रेधा उडते, ती बघून आजही घशात आवंढा येतो. मग चार आठवड्यांचा क्लास, शेवटी भाचीच्या लग्नातलं भाषण: चढती कमान. पण असं पाहिलं की इंग्रजी हीच किल्ली ठरते, आणि तिथे मी अडखळते.

दुसरं वाचन लाडवांचं. पुण्यात ती लाडू करून विकते, तरी घरच्यांच्या लेखी तो 'तिचा छंद'. त्याच कामाला क्लासमध्ये 'आंत्रप्रेन्योर' (उद्योजक) हा शब्द मिळतो, तेव्हा तिचा चेहरा बघा! काम तेच, फक्त नाव भारदस्त. पुढे परीक्षेच्याच दिवशी लग्नाचे लाडू जमिनीवर सांडतात. विकतचे आणता आले असते. ती परीक्षा सोडून पुन्हा लाडू वळते. पहिल्या वाचनात ही हार आहे, किंवा नेहमीचा बायकी त्याग. (तो संशय माझाही पुरता गेलेला नाही.) दुसऱ्यात मात्र ती स्वतःच्या कामाची प्रत राखते, कुणाच्या प्रमाणपत्रासाठी थांबत नाही.

मला दुसरं पटतं, ते परतीच्या विमानामुळे. तिथे ती वर्तमानपत्र मागते ते सफाईदार इंग्रजीत, आणि मागते हिंदी.