सेंद्रिय द्राक्षबागेचा ‘संपूर्ण संच’ घेण्यापूर्वी

जालना जिल्ह्यात द्राक्षबाग ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. पाणलोटाची कामे आणि शेततळी यांच्या बळावर कडवंचीसारख्या गावाने कोरडवाहू मुलखात द्राक्ष पिकवून दाखवले, आणि ते पाहूनच आमच्या थोरल्या बंधूंनी घरच्या दोन एकरांवर सेंद्रिय बाग उभी करण्याचे ठरवले. याच ओढीवर धंदा मांडणारी एक कंपनी त्या सुमारास आमच्या भागात फिरत होती. तिने आमची फसवणूक कशी केली ते सविस्तर लिहीत आहे, कारण ती माणसे अजूनही फिरत आहेत आणि त्यांची पद्धत ओळखता येण्यासारखी आहे.

डॉगरिजची (द्राक्षाच्या खुंटाच्या जातीची) रोपे, त्यांवर कलम भरून देणारे कारागीर, मांडवाचे अँगल आणि तार, फवारणीची सर्व औषधे, सेंद्रिय प्रमाणपत्र आणि शेवटी चढ्या दराने माल उचलण्याची हमी, असा सगळा संच एकाच करारात होता आणि एकरी रक्कम आगाऊ भरायची होती. करारापूर्वी त्यांनी आसपासच्या शेतकऱ्यांना गाडीत बसवून एक देखणी बाग दाखवली आणि ती आपल्याच मार्गदर्शनाखाली असल्याचे सांगितले. त्या बागेच्या मालकांचा या कंपनीशी काडीचाही संबंध नव्हता, हे पुढे त्यांच्याच तोंडून कळले. रोपे आणि मांडव यांत मात्र खोट नव्हती, हेही सांगितले पाहिजे. ऑगस्टमध्ये भरलेली कलमे चांगली फुटली, ओलांडे (तारेवर आडव्या वाढवलेल्या मुख्य फांद्या) भरले, आणि या खऱ्या कामामुळेच पुढच्या खोट्या कामाबद्दल कोणालाही शंका येण्याचे कारण उरले नाही.

खरा घात औषधांत होता. ऑक्टोबर छाटणीनंतर बाग फुलोऱ्यात आली आणि थ्रिप्स (फुलकिडे) दिसू लागले, तेव्हा कंपनीच्या माणसाने हिरव्या झाकणाच्या बाटल्या आणून दिल्या. लेबलवर कडुनिंबाच्या फांदीचे चित्र, ‘१०० टक्के वनस्पतिजन्य अर्क’ एवढी ओळ आणि पंपाला किती मिलि घ्यायचे याचे प्रमाण, याखेरीज काहीही नव्हते. नोंदणी क्रमांक नव्हता, उत्पादन परवान्याचा क्रमांक नव्हता, बॅच नव्हती, मुदत संपण्याची तारीख नव्हती, आणि कीटकनाशकाच्या प्रत्येक डब्यावर असणारा चौकोनातील रंगीत त्रिकोणही नव्हता. कीटकनाशक म्हणून विकले जाणारे कडुनिंबाचे औषधसुद्धा १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली नोंदवलेले असावे लागते. ‘टॉनिक’ म्हणून विकली जाणारी जैविक उत्तेजकेही फेब्रुवारी २०२१ पासून खत नियंत्रण आदेशात आलेली आहेत. म्हणजे ‘हे सेंद्रिय आहे, याला परवाना लागत नाही’ हे त्या माणसाचे बोलणे सरळसरळ खोटे होते.

फवारणीच्या दुसऱ्या दिवशी थ्रिप्स पार नाहीसे झाले. निंबोळी अर्काचा परिणाम इतका झटपट दिसत नाही. तो हळूहळू, किडीची वाढ रोखत काम करतो. त्याच सकाळी बांधावरच्या तुरीखाली मेलेल्या मधमाश्या पडलेल्या होत्या, काही अजून पाय हलवत होत्या. वहिनींनी त्या ओंजळीत गोळा करून कंपनीच्या माणसाला दाखवल्या, तर त्याने रात्रीच्या थंडीचे कारण सांगितले. मराठवाड्यातल्या नोव्हेंबरच्या थंडीने मधमाश्यांचा असा सडा पडत नाही, हे इथे राहणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे.

करारात एक कलम होते: रिकाम्या बाटल्या ‘पर्यावरण संरक्षणासाठी’ कंपनीला परत करायच्या. मला या साऱ्या प्रकरणात सर्वांत कावेबाज कलम तेच वाटते. बिल कधीच मिळाले नाही. मिळाले ते फक्त माल पोहोचल्याचे चलन, आणि त्यावर औषधाच्या नावाऐवजी ‘सेंद्रिय निविष्ठा संच’ (निविष्ठा म्हणजे शेतीला लागणारी बियाणे, खते, औषधे) एवढेच लिहिलेले. बाटली परत गेली आणि चलनावर नाव नाही, म्हणजे शेतात काय फवारले गेले याचा मागमूसच राहत नाही. आमच्याकडे एक सीलबंद बाटली राहिली ती केवळ अवकाळी पावसाने एक फवारणी लांबली म्हणून.

काढणीच्या वेळी कंपनीने माल उचलला नाही. दुसऱ्या एका खरेदीदाराने घेण्याची तयारी दाखवली, पण रेसिड्यू (मालात उरलेल्या औषधांच्या अंशांच्या) तपासणीची अट घातली. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेच्या अहवालात इमिडाक्लोप्रिड या रासायनिक कीटकनाशकाचे अंश निघाले, आणि राहिलेल्या बाटलीतही तेच निघाले. कंपनीने उलट पत्र पाठवले, की शेतकऱ्याने चोरून रासायनिक फवारणी केली आहे, सबब करार रद्द. माल स्थानिक बाजारात मिळेल त्या भावाने द्यावा लागला. दोन वर्षे पोरासारखी जपलेली बाग आणि वर हा आरोप, याचा बंधूंना झालेला त्रास पैशांत मोजता येणार नाही.

प्रमाणपत्राची कथा यापेक्षा वेगळी नाही. राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमात फळबागेला साधारणपणे ३६ महिन्यांचा रूपांतरण काळ, म्हणजे रासायनिक शेतीतून सेंद्रियकडे वळण्याचा काळ, लागतो. सवलत मिळालीच तर ती जमिनीच्या जुन्या नोंदी तपासूनच मिळते. पहिल्याच बहाराला प्रमाणपत्र देऊ, असे म्हणणारा म्हणूनच संशयास्पद समजावा. आम्हाला दिलेल्या रंगीत कागदावर प्रमाणीकरण संस्थेचा शिक्का होता, पण त्यातला क्रमांक परजिल्ह्यातल्या एका शेतकरी गटाचा निघाला आणि त्यांच्या यादीत ना बंधूंचे नाव होते ना आमच्या जमिनीचा गट क्रमांक. प्रमाणपत्रासोबत जोडलेल्या यादीत नाव, क्षेत्र आणि पीक असते. ती मागावी, आणि प्रमाणीकरण संस्थेला स्वतः फोन करून खात्री करावी.

आम्ही पोलिसांत तक्रार दिली आहे आणि जिल्हा ग्राहक आयोगातही दावा दाखल केला आहे. सदोष निविष्ठा घेणारा शेतकरी हा ग्राहकच आहे, हे बियाण्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये स्पष्ट केलेले आहे. दाव्यासाठी मुदत मात्र २ वर्षांचीच असते. सध्या हीच माणसे नवे नाव घेऊन अंबडकडच्या मोसंबी उत्पादकांच्या बैठका घेत असल्याचे समजते. ज्यांनी करार केला असेल त्यांनी बाटल्या परत करू नयेत, लेबलचे चारही बाजूंनी फोटो काढून ठेवावेत, आणि एक सीलबंद बाटली जपून ठेवून कृषी विभागाच्या कीटकनाशक निरीक्षकाला लेखी कळवावे. आपण स्वतः पाठवलेल्या नमुन्याचा अहवाल उपयोगी पडतोच, पण कीटकनाशक कायद्याखालील कारवाईसाठी नमुना निरीक्षकानेच रीतसर घेतलेला असावा लागतो.